गाभा कुठं असतो? हैदराबादच्या जुन्या मोहल्ल्यांविषयी

आज आपण एका मोठ्या शहराच्या मध्यवस्तीबद्दल बोलणार आहोत. शहर आहे हैदराबाद. हिंगोलीत बसून हैदराबादबद्दल कशाला, पुणे-मुंबई का नाही, असं काहींच्या मनात आलं असेल. त्याचं पहिलं उत्तर आपल्या गावातल्या मोहल्ल्यांच्या नावांतच आहे. आपल्याकडं रिसाला बाजार आहे. हैदराबादच्या उत्तरेला, सिकंदराबादजवळ बोलारममध्येही रिसाला बाजार आहे. आपल्याकडं तलाब कट्टा आहे, तिकडं चारमिनारच्या बाजूलाही तलाब कट्टा आहे. आपल्याकडं तोफखाना आहे, पेन्शनपुरा आहे. ही नावं उगीच पडलेली नाहीत. रिसाला म्हणजे घोडदळाची तुकडी. जिथं रिसाला होता तिथं त्याचा बाजार बसला. ज्यांनी नोकरी करून पेन्शन घेतली, त्यांचा पेन्शनपुरा झाला. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ही फौज निजामाच्या नावाची, पण हुकूम इंग्रजांचा. 1903 साली ती इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. फौज गेली, नावं राहिली.

तर आपण नावांवरूनच सुरुवात करू. पण त्याआधी एक प्रश्न सोडवून घेऊ: शहराचा गाभा म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत मध्यवस्तीला डाउनटाउन म्हणतात. हा शब्द न्यूयॉर्कचा. मॅनहटन बेटाच्या खालच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या टोकाला जुनं गाव होतं, म्हणून ते डाउन. आपल्याकडं 'मध्यवस्ती' म्हटलं की नकाशावरचा मधला ठिपका डोळ्यांपुढं येतो. पण कितीतरी शहरांत गाभा नकाशाच्या मधोमध नसतोच. मुंबईचा फोर्ट बेटाच्या एका टोकाला आहे. मग गाभा ओळखायचा कशावरून?

आमचा विषय तत्त्वज्ञान, नगररचना नव्हे. तेव्हा आम्ही आमच्याच पेटीतलं एक हत्यार काढतो. वैशेषिक दर्शनात 'दिक्' नावाचं एक द्रव्य मानलं आहे. ते डोळ्यांना दिसत नाही. मग ते आहे हे कशावरून म्हणायचं? तर आपल्याला 'हे जवळ, ते लांब' असं ज्ञान होतं त्यावरून. या जवळपणाला त्यांनी अपरत्व म्हटलं आणि लांबपणाला परत्व. गंमत बघा, जवळ किंवा लांब हे एकट्या वस्तूवरून कधीच ठरत नाही. कुठून मोजता, त्यावर ते ठरतं. आता हीच गोष्ट शहराला लावू. ज्या जागेपासून माणसं जवळ आणि लांब मोजतात, तो गाभा. कोर्ट किती लांब, बाजार किती लांब, मोठा दवाखाना किती लांब, हे ज्या ठिकाणापासून मोजलं जातं ते केंद्र. म्हणजे गाभा ही जागा असतेच, पण त्याहून जास्त ते एक नातं असतं. आणि नातं असल्यामुळे ते सरकू शकतं. जागा तिथंच राहते आणि गाभा दुसरीकडं जातो.

हैदराबादेत असं निदान तीनदा घडलं. ते क्रमानं पाहू.

गोवळकोंड्याचा किल्ला जुना. किल्ल्याभोवतीची वस्ती दाटली, पाण्याची ओढ होऊ लागली. मुसी नदीवर 1578 साली पूल झाला, त्यालाच आता पुराना पूल म्हणतात. 1591 साली मुहम्मद कुली कुतुबशहानं नदीच्या दक्षिणेला नवं शहर वसवलं आणि मधोमध चारमिनार बांधला. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गोवळकोंड्याचा गाभा किल्ला होता, म्हणजे तटाच्या आत, दरवाज्याच्या आड. नव्या शहराचा गाभा मात्र चौक आहे. चार दिशांना चार रस्ते जातात आणि जिथं ते मिळतात तिथं कमानी. चारमिनारच्या वरच्या मजल्यावर मशीद आहे, खाली वाट आहे. उत्तरेला थोडं गेलं की चार कमान आणि त्यांच्या मध्ये गुलजार हौज. मध्यभागी राजवाडा न ठेवता रस्त्यांचा छेद ठेवणं, याचा अर्थ असा की ज्याला कुठंही जायचं आहे त्याला इथून जावं लागणार. आणि जिथून सगळ्यांना जावं लागतं, तिथं दुकानदार येऊन बसणारच.

ॲरिस्टॉटलनं आपल्या 'पॉलिटिक्स'मध्ये आदर्श नगरीचा आराखडा दिला आहे. त्यात तो दोन चौक सांगतो. एक नागरिकांचा, जिथं खरेदी-विक्री अजिबात नको, आणि दुसरा मालाचा, सोयीच्या जागी. चारमिनार पाहून त्यानं कपाळाला हात लावला असता! वर नमाज, खाली वाट, बाजूला बांगड्या. आपल्याकडच्या शहरांनी हा भेद कधी पाळलाच नाही. देवळाच्या पायरीशी हार-नारळाचं दुकान, कचेरीच्या दाराशी अर्ज लिहिणारा. तो भेद न पाळण्यातच आपल्या मध्यवस्तीचा स्वभाव आहे, असं आम्हाला वाटतं.

या पहिल्या गाभ्यातले मोहल्ले बघा. लाड बाजार म्हणजे लाखेच्या बांगड्या, त्यावर खडे बसवणारे कारागीर. चार कमान म्हणजे सराफ. पत्थरगट्टीला मोती आणि कापड. पश्चिमेला कारवान, जिथं व्यापाऱ्यांचे तांडे उतरत. गोवळकोंड्याच्या हिऱ्यांचा व्यापार करणारे तिथले. नदीच्या उत्तरेला बेगम बाजार, ठोक व्यापाराचा. तिथं मारवाडी, गुजराती, सिंधी, मराठी, तेलुगू सगळ्यांची दुकानं. नावांच्या शेपटीकडंही लक्ष द्या. 'गंज' आणि 'बाजार' फारसीतून आलेले. 'पुरा' आपल्या ओळखीचा. 'गुडा' तेलुगू, वस्ती या अर्थाचा. 'बंडा' म्हणजे तेलुगूत खडक, म्हणून शाह अली बंडा. गौलीगुडा म्हणताना अर्ध्या शब्दात गवळी आणि अर्ध्या शब्दात तेलुगू वस्ती. आणि तलाब कट्टा? आपण कट्टा म्हणजे बसायचा ओटा समजतो. तेलुगूत कट्टा म्हणजे तळ्याचा बांध. तलाब उर्दू, कट्टा तेलुगू. हेच जोडनाव आपल्या हिंगोलीतही बोललं जातं, मराठी गावात!

आता दुसरा टप्पा. 1687 साली गोवळकोंडा औरंगजेबाकडं गेला. त्यानंतर दख्खनचा कारभार औरंगाबादेतून चालू लागला. पहिल्या निजामाचीही बैठक मुख्यतः तिथंच होती. 1763 साली निजाम अली खानानं राजधानी हैदराबादला नेली. आपल्या भागाच्या दृष्टीनं हा मोठा बदल. तोपर्यंत आपला गाभा औरंगाबाद होता, आता तो हैदराबाद झाला. गोदावरी तीच, शेतं तीच, पण जवळ आणि लांब मोजायचा खुंटा बदलला.

पुढं 1798 साली निजामानं इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक या रेसिडेंटनं मुसीच्या उत्तर काठावर, जुन्या तटाबाहेर, खांबांची भव्य कोठी बांधायला घेतली, 1803 च्या सुमारास. आज त्या भागाला कोठी किंवा कोटी म्हणतात तो शब्द हाच. या कोठीभोवती जो बाजार वाढला तो रेसिडेन्सी बाजार. तिथं अंमल इंग्रजांचा चाले, निजामाचा नाही. आता सावकाराच्या जागी स्वतःला ठेवून विचार करा. दरबाराला कर्ज दिलंय. उद्या दरबारची मर्जी फिरली तर काय? मग पेढी कुठं ठेवावी? जिथं दरबारचा शिपाई येऊ शकत नाही तिथं. म्हणून सावकार, पेढीवाले, व्यापारी नदी ओलांडून इकडं आले. जुन्या शहराला सत्ता आणि वैभव राहिलं, पण पैसा पलीकडच्या काठावर गेला. गाभा सरकला तो असा, फर्मान न निघता.

त्याच रेसिडेन्सीवर 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी हल्ला केला. म्हणजे लोकांनाही कळलं होतं की खरी किल्ली कुठं आहे. आणि आपल्या हिंगोलीच्या छावणीची दोरीही याच रेसिडेन्सीच्या हातात होती. आपला रिसाला बाजार आणि तिकडचा रेसिडेन्सी बाजार ही एकाच सत्तेची दोन टोकं होती, हे त्या नावांवरून आज कुणाच्या ध्यानातही येत नाही.

1933 साली हा बाजार निजामाकडं परत आला आणि त्याचं नाव सुलतान बाजार झालं. पण मधल्या काळात तिथं जे घडलं ते आपल्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं आहे. संस्थानात सभा, संस्था, वर्तमानपत्रं यांवर बंधनं. रेसिडेन्सी बाजारात त्या मानानं मोकळीक. म्हणून बघा, 1892 साली आर्य समाज तिथं सुरू झाला. 1901 साली तेलुगू भाषेचं ग्रंथालय, श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम, तिथंच निघालं. 1907 साली केशवराव कोरटकर, वामनराव नाईक अशा मंडळींनी विवेकवर्धिनी ही मराठी शिक्षणाची संस्था काढली. सरकारी कारभाराची भाषा उर्दू, आणि तेलुगू व मराठी या दोन्ही भाषा एकाच बाजाराच्या आसऱ्याला आलेल्या. इंग्रजांनी हे काही आपल्यावर उपकार म्हणून केलं नाही. त्यांच्या हद्दीची ती एक फट होती, आणि आपल्या माणसांनी त्या फटीत रोप लावलं.

मराठी माणसं नेमकी याच भागात का जमली, याला आणखी एक अगदी साधं कारण आहे: रेल्वे. मनमाडहून परभणी, पूर्णा, नांदेड करत हैदराबादकडं जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे 1900 च्या आसपास सुरू झाली. ती मीटरगेज. 1912 साली पूर्णा ते हिंगोली फाटा झाला. 1916 साली काचीगुडा स्थानकाची ती सुंदर इमारत उभी राहिली आणि मीटरगेजच्या गाड्यांचं ते ठिकाण झालं. हिंगोलीचा माणूस पूर्णेला गाडी बदलायचा आणि काचीगुड्याला उतरायचा. कोर्टाचं काम असो, शिक्षण असो, नोकरी असो, ट्रंक घेऊन उतरलेला माणूस स्थानकापासून किती लांब जाणार? काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार, इसामिया बाजार, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. रुळांची रुंदी आणि ट्रंकेचं वजन यांनीही मोहल्ले घडतात. इतिहासाच्या पुस्तकात हे सहसा लिहिलेलं नसतं.

मध्ये एक मोठा घाला आला. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसीला पूर आला. दोन्ही काठांवरची वस्ती वाहून गेली, हजारो माणसं दगावली. आज जिथं उस्मानिया रुग्णालय आहे तिथल्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली, असं सांगतात. ते झाड अजून आहे. या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं. वर उस्मानसागर आणि हिमायतसागर ही दोन धरणं झाली. 1912 साली शहर सुधारणा मंडळ निघालं. पत्थरगट्टीची दगडी दुकानं, काठावरचं हायकोर्ट, रुग्णालय, 1935 चं मोअज्जम जाही मार्केट, या सगळ्याच्या मागं तो पूर आहे. ज्या हायकोर्टात आपल्या भागातली अपिलं चालायची, ते या नदीकाठीच. कोठीच्या पुढं आबिड रोडला तर नवा फॅशनेबल बाजार झाला. आल्बर्ट आबिड हे सहाव्या निजामाच्या खासगी सेवेतले गृहस्थ, त्यांचं तिथं दुकान होतं. दुकान कधीच बंद झालं. रिक्षावाला अजून 'आबिड्स' म्हणतो.

आता आम्ही जरा अवघड मुद्द्याकडं येतो. आपल्या भागात हैदराबाद हा शब्द निघाला की पुढं निजाम येतो, रझाकार येतात, 1948 येतं. ज्या घरांनी ते दिवस सोसले त्यांची आठवण खरी आहे, तिच्यावर पडदा टाकायचं कारण नाही. पण तर्कात एक दोष असतो. दोन गोष्टी एकत्र दिसल्या की त्या एकच आहेत असं मानणं. न्यायदर्शनात संयोग आणि समवाय असे दोन संबंध सांगितले आहेत. हातात पुस्तक आहे, हा संयोग. पुस्तक खाली ठेवलं की संपला. धागे आणि कापड यांचा संबंध समवाय, तो कापड फाडल्याशिवाय तुटत नाही. निजामाची सत्ता आणि हैदराबाद शहर यांचा संबंध संयोग होता. 17 सप्टेंबर 1948 ला तो संपला. शहर राहिलं. शहराचा समवाय आहे तो त्याच्या मोहल्ल्यांशी, तिथल्या कामाशी, तिथल्या बोलीशी. आणि आणखी एक. निजामाच्या सत्तेविरुद्ध जी जागृती झाली तीही याच शहराच्या गाभ्यात, सुलतान बाजारच्या वाचनालयांत आणि शाळांत वाढली. 1938 साली उस्मानिया विद्यापीठात 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून मुलांना काढून टाकलं, त्यातली बरीच मुलं नागपूरला शिकायला गेली. सत्तेवर राग धरताना शहर टाकून दिलं, तर ही मुलंही टाकून दिल्यासारखं होतं.

बोलीचं म्हटलं, तर त्याचाही एक पुरावा देतो. हैदराबादी दखनीत नकार देताना 'नक्को' म्हणतात. हा आपला नको. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जोर द्यायचा 'च'. हिंदीत 'ही' म्हणतात, हैदराबादी माणूस 'वैसाइच', 'कलइच' म्हणतो. हा मराठीचा च आहे, भाषेचे अभ्यासकही हे मान्य करतात. शब्द उसना घेता येतो. पण ठासून सांगायची लकब उसनी येत नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिल्यावर येते. चारमिनारखाली बांगडीवाला ग्राहकाला ठासून काही सांगतो, तेव्हा त्याच्या तोंडी आपलं अक्षर असतं.

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. भाषेच्या न्यायानं ते योग्यच झालं. पण त्या दिवशी आपला मोजायचा खुंटा पुन्हा बदलला. हायकोर्ट मुंबईला गेलं. औरंगाबादला खंडपीठ यायला 1981 साल उजाडलं. तोवर पंचवीस वर्षं इथल्या पक्षकारासाठी न्याय नकाशावर होता त्याहून लांब होता. वैशेषिकांचं परत्व ते हेच. आणि तिकडं काचीगुड्याच्या मराठी घरांचं काय झालं? ती जागची हलली नाहीत, तरी एका दिवसात परराज्यात गेली. कालपर्यंत राजधानीत राहणारी माणसं भाषिक अल्पसंख्य झाली.

तिसरा टप्पा तुमच्या डोळ्यांसमोरचा. 1998 साली सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं आणि शहर पश्चिमेला माधापूर, गच्चीबावलीकडं पळालं. आज हिंगोली-नांदेडची मुलं नोकरीला जातात ती तिकडं. त्यांच्यासाठी जवळ-लांब मोजायचा खुंटा हायटेक सिटी आहे. मग जुने गाभे मेले का? नाही. चारमिनारला सत्ता नाही, पण ईदच्या आधी लाड बाजारात पाय ठेवायला जागा नसते. सुलतान बाजारच्या व्यापाऱ्यांनी मेट्रोच्या मार्गाला बरीच वर्षं विरोध केला. शेवटी 2020 साली मेट्रो आली, स्थानकाचं नाव सुलतान बाजारच आहे, आणि खाली बाजारही चालू आहे. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेनं 1961 साली शहरांवर पुस्तक लिहिलं. तिचा एक मुद्दा इथं चपखल बसतो. जुन्या इमारती शहराला लागतातच, कारण नव्या इमारतीचं भाडं लहान धंद्याला परवडत नाही. सत्ता गेली, मोठा पैसा गेला, की जुन्या गाभ्यात जागा स्वस्त होते आणि लहान माणूस टिकतो. म्हणून गाभा सरकला तरी रिकामा होत नाही. तिथं राहतं ते रोज लागणारं काम.

एवढं सगळं सांगायचं प्रयोजन काय? गेल्या दोन-तीन वर्षांत 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द आपल्या गावागावांत पोचला. आरक्षणाच्या प्रश्नासाठी निजामकाळातल्या नोंदी शोधायला समिती हैदराबादला गेली. त्या प्रश्नाची बाजू आम्ही इथं मांडत नाही. आमचं म्हणणं एवढंच की आपल्या पणजोबांची ओळख ज्या शहरातल्या कपाटात सापडते, ते शहर आपल्याला नुसतं परकं म्हणून चालणार नाही. कपाटातला कागद हवा आणि ज्या मोहल्ल्यांतून तो कागद गेला ते नकोत, असं कसं होईल?

तेव्हा दोन कामं सुचवतो. ज्यांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी उर्दू किंवा मोडीतले जुने कागद आहेत, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं अजून आपल्यात आहेत, त्यांच्याकडून वाचून घ्या आणि मराठीत लिहून ठेवा. दुसरं, आपल्या मोहल्ल्याचं नाव कसं पडलं हे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. रिसाला बाजार, पेन्शनपुरा, तोफखाना, तलाब कट्टा. उद्या कुणी ठराव करून यांना गोंडस नावं देईल. त्याआधी ही नावं काय सांगतात, ते आपल्याला माहीत असलं पाहिजे.

वेळ झाली आहे, इथं थांबतो. मागं उर्दू शाळेतले निवृत्त शिक्षक बसलेले दिसतात, त्यांनी आधी बोलावं. 'कट्टा' शब्दाबद्दल त्यांना आमच्याहून जास्त माहिती असणार. मग बाकीचे प्रश्न घेऊ.